ओढ्याला नाला म्हणू नये

पुण्याच्या सहकारनगरमधील एका वाचकांनी विचारले आहे की ‘आंबिल ओढा’ आणि ‘आंबिल नाला’ या दोहोंपैकी योग्य नाव कोणते, आणि ओहोळ हा ओढ्याहून लहान असतो का.

नाव आंबिल ओढा हेच आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेला मिळणाऱ्या या प्रवाहाला नाला म्हणण्याची सवय ‘नालेसफाई’च्या बातम्यांनी लावली आणि आता शिकलेली माणसेही बिनदिक्कत तसे बोलतात, याचा मला मनस्वी त्रास होतो. संस्कृत ‘नाल’ म्हणजे कमळाचा पोकळ देठ. नळ, नळी, नाली ही सारी त्याच कुळातली. नळी पाणी फक्त पोचवते, ओढा मात्र आपली वाट स्वतः कोरतो.

‘ओढा’ हा ‘ओघ’ शब्दाचा अपभ्रंश असल्याचे काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. ते मला मुळीच मान्य नाही. प्राकृतात मेघाचा ‘मेह’ झाला, तसा ओघाचा ‘ओह’ झाला, आणि त्यावरून ‘ओहोळ’ सरळ सिद्ध होतो. पण त्या ‘ह’चा ‘ढ’ कोणत्या नियमाने झाला, हे यांपैकी कोणीही दाखवत नाही. माझ्या मते मूळ शोधायचे ते ‘वह्’ धातूत. त्याचे भूतकालवाचक रूप ‘ऊढ’, म्हणजे वाहून नेलेला. विवाहातला ‘वाह’ याच धातूचा, आणि नववधूला ‘नवोढा’ म्हणतात तेही यावरूनच. या ‘ऊढ’च्या मागे खालची दिशा दाखवणारा ‘अव’ लावला की ‘अवोढ’ होते. लवणाचे ‘लोण’ होऊन त्यावरून लोणचे आले, त्याच रीतीने ‘अव’चा ‘ओ’ झाला आणि ‘ओढ’ उरले. ओढा म्हणजे खाली वाहून नेणारा, आणि ओढणे हे क्रियापदही त्याचेच भावंड.

अर्थाची साक्ष तर प्रत्येक पावसाळ्यात मिळते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याला ढकलता येणाऱ्या मोठ्यात मोठ्या दगडाचे वजन सिद्धान्ताप्रमाणे ६४ पट होते, म्हणूनच उन्हाळ्यात वाळूचा कणही न हलवणारा प्रवाह एका रात्रीत धोंडे लोटतो. वळणावर तो बाहेरचा काठ पोखरतो आणि आतल्या काठाशी, जिथे वेग मंदावतो तिथे, गाळ टाकतो. काठ असा सरकत राहतो. निघोजला कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बसाल्टात रांजणखळगे कोरले आहेत, आणि काही खळग्यांच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे आजही सापडतात. आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सोसायट्यांच्या सीमाभिंती पाडल्या आणि गाड्या वाहून नेल्या. नाला म्हटले की दोन भिंतींत बसवता येणारे गटार डोळ्यांपुढे येते, आणि पुराचे पाणी पसरायला काठाची जागा लागते हे विसरले जाते.

ओहोळ ओढ्याहून लहान, हे खरे. कोकणातला ‘व्हाळ’ मात्र, माझ्या मते, पुन्हा ‘वह्’ धातूचाच. ‘भैरोबा नाला’ हे विशेषनाम रूढ झाले आहे, ते तसेच लिहावे; सामान्यनाम म्हणून, डोंगरातून येणाऱ्या प्रवाहाला, ओढाच म्हणावे.