गव्हाण की गोठा?

पुण्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत नाताळच्या दिवसांत प्रवचन करणाऱ्या वाचकांनी विचारले आहे, की जुन्या नाताळगीतांच्या ओळी आधाराला घेऊन संदेश देताना 'गव्हाण' हा शब्द शहरी तरुणांना कळत नाही, तेव्हा त्याऐवजी 'गोठा' म्हटले तर चालेल का, आणि 'कॅरल'ला मराठीत काय म्हणावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाताळगीत' हे आहे आणि त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. पहिल्याचे उत्तर 'नाही' असे आहे. डिसेंबर लागला की कॅम्पापासून पिंपरीपर्यंत ज्या कार्यक्रमाला जावे तेथे "बाळ येशूला गोठ्यात ठेवले" हे वाक्य ऐकू येते, आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो.

गोठा ही गुरे बांधण्याची जागा आहे, तर गव्हाण ही गुरांच्या तोंडापुढे वैरण टाकण्यासाठी केलेली खोलगट जागा आहे. लूकने बायबलातील आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या वृत्तान्ताच्या, दुसऱ्या अध्यायात गव्हाणीचा उल्लेख तीन वेळा केला आहे, सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या वचनात; गोठ्याचा एकदाही केलेला नाही. बाराव्या वचनात तर देवदूत मेंढपाळांना गव्हाण ही खूण म्हणून सांगतो. खुणेचा शब्द बदलला की खूणच पुसली जाते. बैल आणि गाढव हेसुद्धा लूकच्या वृत्तान्तात नाहीत. ते परंपरेने जुन्या करारातील यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या वचनातून आणले. त्या वचनाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि लूकच्या मूळ ग्रीक मजकुरात गव्हाणीसाठी 'फात्ने' हा एकच शब्द आहे, म्हणून हे आणणे निराधार नव्हते. तथापि इंग्रजी 'अवे इन अ मेंजर' या गीतात गुरे हंबरतात, बाळ जागे होते आणि तरीही रडत नाही, हे मात्र सर्वस्वी कवीचे आहे. ते गीत मार्टिन ल्यूथरचे म्हणून दीर्घकाळ छापले गेले, पण ते एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतले आहे. गीताच्या आधाराने बोलणाऱ्याने वचन कोठे संपते आणि कवी कोठे सुरू होतो, हे श्रोत्यांना सांगितलेच पाहिजे.

आता व्युत्पत्ती. संस्कृत कोशांत 'गवादनी' असा शब्द आहे. गव आणि अदन, म्हणजे गाईंनी खाण्याची जागा. आपली गव्हाण त्यातूनच निघाली, असे मानणारे अभ्यासक आहेत. प्रवचनकारांना ही व्युत्पत्ती फार प्रिय असते आणि त्याचे कारण मला समजते. गव्हाणीसाठीचा इंग्रजी शब्द 'मेंजर'ही फ्रेंचमधील 'खाणे' या अर्थाच्या क्रियापदातून आला आहे, बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ 'भाकरीचे घर' असा सांगतात, आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो. इतके सारे जुळून आल्यावर कोणालाही मोह होईल. परंतु जुळते म्हणून ते खरे ठरत नाही. 'गव्हाण'मधील ह कोठून आला, याचे उत्तर या विद्वानांनी द्यायला हवे आणि ते देत नाहीत. दोन स्वरांमधला संस्कृत द मराठीत येताना गळतो किंवा त्याचा य होतो, जसे खादनाचे खाणे आणि पादाचा पाय. त्याचा ह होत नाही. ह होतो तो ध चा: दधीचे दही, बधिराचा बहिरा, गोधूमाचा गहू. खेड्यांत 'गवाण' असाही उच्चार आहे, हे मला मान्य आहे. पण बोलताना ह सुटणे नित्याचे आहे, नसलेला ह उपटणे नव्हे.

म्हणून माझे मत असे, की मूळ शब्दात 'धानी' असली पाहिजे. धानी म्हणजे जिच्यात काही ठेवले जाते ती. माशांच्या टोपलीला संस्कृतात मत्स्यधानी म्हणतात, आणि राजा जेथे असतो ती राजधानी. गवधानी, गवहाणी, गव्हाणी, गव्हाण अशी वाट सरळ आहे. मधल्या न चा ण होणेही पानीयाच्या पाण्याप्रमाणे नियमाला धरूनच आहे, आणि 'गव्हाणी' हे ईकारान्त रूपही त्यामुळे उलगडते. हे मत बरोबर असेल, तर गव्हाण आणि राजधानी या एका साच्यातल्या बहिणी ठरतात. मत्तयाच्या वृत्तान्तात पूर्वेकडचे ज्ञानी नव्या राजाची चौकशी करायला यरुशलेमेत, म्हणजे राजधानीत जातात. लूकच्या मेंढपाळांना गवधानीची खूण मिळते. हे दोन शब्द शेजारी ठेवून मराठीत जे प्रवचन करता येईल, ते इंग्रजीत करताच येणार नाही, आणि आपण आपल्या हाताने 'गोठा' म्हणून ते गमावतो.

जुना शब्द बदलण्याला पूर्वाधार आहे, असे कोणी म्हणेल. चार्ल्स वेस्लीच्या 1739 च्या प्रसिद्ध नाताळगीताच्या पहिल्या ओळीत आकाशवाचक 'वेल्किन' हा शब्द होता आणि जॉर्ज व्हाइटफील्डने 1753 मध्ये ती ओळ बदलून तेथे देवदूत आणले, हे खरे आहे; पण वेल्किन ही कोणाला सांगितलेली खूण नव्हती.

आपल्याकडे गाणे आणि निरूपण वेगळे नव्हतेच. 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी ओवीतूनच शिकवण दिली, आणि अहमदनगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनीही पदे गाऊनच कथा सांगितली. कीर्तनकार अभंगातला अवघड शब्द बदलत नाही, तो उलगडतो. नाताळगीताचेही तसेच करावे. ज्या भाषांतरित गीतात 'गोठ्यात' आधीच बसलेले आहे तेथे गाताना ते राहू द्यावे, कारण 'गव्हाणीत' म्हटले तर आरंभी एक लघू अक्षर वाढते आणि मंडळी तालाला अडखळते. गाणे संपवून बोलायला उभे राहिल्यावर मात्र गव्हाणच म्हणावे, आणि गुरांपुढची वैरणीची जागा म्हणजे काय, हे तरुणांना एका वाक्यात सांगावे.