पित्ताशयातले खडे आणि ‘अभ्यासात येता का?’

प्रश्न : आईचे वय ५२. जेवणानंतर दोनदा उजव्या बरगडीखाली जोरात दुखले. सोनोग्राफीत ८ मिलिमीटरचे दोन खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, “एक अभ्यास चालू आहे. काहींचे ऑपरेशन लगेच, काहींना थांबवून बघायचे. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार.” आईच्या पोटाची लॉटरी काढू द्यायची का? – नीलम नगर, सोलापूर

उत्तर : लॉटरीच आहे, आणि ती मुद्दाम आहे. निवड डॉक्टरांवर सोडली तर धट्टेकट्टे ऑपरेशनला जातात, साखर-बीपीवाले थांबवले जातात. मग शेवटी दिसलेला फरक उपचाराचा की माणसांचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

खरा प्रश्न असा की दोन्ही गट आईसाठी चालण्यासारखे आहेत का. नुसती कळ येऊन जात असेल तर बहुधा आहेत. ब्रिटनमध्ये २० रुग्णालयांतल्या ४३४ जणांवर नेमका हाच अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये छापून आला. दीड वर्षात थांबलेल्या गटातल्या २५ टक्के लोकांचे ऑपरेशन झाले. ऑपरेशनच्या गटातही ते ६७ टक्क्यांचेच झाले, कारण तिथे नंबर लागायलाच वेळ गेला. दुखण्याच्या त्रासात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ऑपरेशनलाही स्वतःची जोखीम आहे. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारात साधारण ३ ते ५ आहे. थोडे वाटते, पण ज्याला होते त्याचे वर्ष त्यात जाते.

खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही. नेदरलँड्समध्ये २३ रुग्णालयांत अशा सौम्य सूज आलेल्या २६६ रुग्णांवर अभ्यास झाला. त्याच मुक्कामात पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्क्यांना सहा महिन्यांत पुन्हा खड्यांच्याच गुंतागुंतीने दाखल व्हावे लागले किंवा मृत्यू आला. सुमारे महिनाभराने ऑपरेशन झालेल्यांत हेच प्रमाण १७ टक्के होते. म्हणून सूज येऊन गेलेल्या, कावीळ झालेल्या किंवा नलिकेत खडा अडकलेल्या रुग्णाला कुणी ‘थांबून बघू’ म्हणत असेल, तर का, ते आधी विचारा. नीट आखलेल्या अभ्यासात असे रुग्ण सुरुवातीलाच वगळलेले असतात.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून माहितीपत्रकाच्या मागे लिहून घ्या. थांबण्याच्या गटात असताना रात्री दोनला कळ आली तर फोन कुणाला करायचा? मग ऑपरेशन लागले तर त्याचा खर्च कोण देणार? मध्येच बाहेर पडलो तर उपचार इथेच होतील का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ एवढे एकच उत्तर चालते. बाहेर पडायला कारण द्यावे लागत नाही.

आणि गट कुठलाही असो, सहा तासांहून जास्त टिकणारी कळ, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, किंवा पाठीपर्यंत जाणारे दुखणे आणि न थांबणाऱ्या उलट्या, यांतले काहीही दिसले की थेट कॅज्युअल्टी. अभ्यासाच्या ऑफिसला सकाळी कळवले तरी चालेल.

प्रश्न : सासूबाईंना तेलुगूशिवाय वाचता येत नाही. औषधाच्या चाचणीसाठी मराठी कागदावर अंगठा घेतला, प्रत दिली नाही. हे बरोबर आहे का? – अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नाही. संमती माणसाला कळणाऱ्या भाषेतच घ्यावी लागते. तेलुगू आणि कन्नड घराघरात बोलल्या जाणाऱ्या या शहरात तर एकट्या मराठी कागदावर काम भागूच नये. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार, वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा आणि त्याची सही हवी. अंगठा झाल्यावर शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला बोलावून सही घेतली तर तो साक्षीदार नव्हे. सही केलेल्या कागदाची आणि माहितीपत्रकाची प्रत घरी मिळालीच पाहिजे.

आधी चाचणीच्या समन्वयकाकडे प्रत मागा. तेलुगूतून पुन्हा समजावून सांगायला लावा. दाद लागली नाही तर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे चाचणीला मंजुरी देऊन रुग्णांचे हित बघणाऱ्या समितीच्या, सदस्य-सचिवांना साधा अर्ज द्या, पोच घ्या. कमिटीत किमान सात सदस्य असतात, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात, एक सामान्य नागरिकही असतो. तक्रार ऐकणे हे त्यांचे कामच आहे.

त्याच प्रतीवर सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, शोधा. तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकला की अभ्यास कुणाचा, किती जणांवर, कोणत्या रुग्णालयांत, सगळे दिसते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि वर भरपाई. अशी इजा दिसली की २४ तासांत कळवण्याची जबाबदारी संशोधक डॉक्टरांची. तुम्ही मात्र दुसऱ्या दवाखान्यात गेलात तरी त्यांना फोन करा, नाहीतर त्यांना कळणार कसे?

प्रश्न : खडे विरघळवणाऱ्या गोळीच्या चाचणीत आहे. सोबत कुळथाचे पाणी चालेल का? – अक्कलकोट

उत्तर : कुळथाचे पाणी लोक मूतखड्यावर घेतात. पित्ताशयाचा आणि लघवीचा रस्ता एक नाही, तेव्हा त्याची अपेक्षा ठेवू नका. काढे, चूर्ण, पानफुटी यांपैकी काहीही घेत असाल तर ते सांगा. लपवलेत आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, तर दोष चाचणीच्या गोळीवर जातो.

बाजारात आधीपासून मिळणारे अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड दिवसाला दर किलो वजनामागे ८ ते १० मिलिग्रॅम देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० च्या साधारण दोन गोळ्या. तेही फक्त लहान, कॅल्शियम न साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालते, तेही पित्ताशय नीट आकसत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षे लागतात आणि गोळी थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांचे खडे परत येतात. नव्या गोळीची तुलना बहुधा हिच्याशी किंवा दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळीशी होते. आपण कोणती घेतोय हे शेवटपर्यंत कळणार नाही, ही अट मान्य असेल तरच आत जा.

रिकाम्या स्ट्रिप फेकू नका, त्या मोजतात. दुखण्याच्या वहीत शून्य ते दहा आकडा त्याच दिवशी लिहा. तपासणीच्या आदल्या रात्री बसून महिन्याचा अंदाज भरला तर ती वही कामाची नाही. सोनोग्राफीच्या आधी सहा ते आठ तास काही खायचे नाही, पाणी चालते. सकाळच्या एसटीने येऊन स्टँडवर घेतलेला दुधाचा चहासुद्धा नडतो. पित्ताशय आकसते, खडा नीट दिसत नाही आणि दुसरी खेप पडते.

प्रश्न : फोन आला की खडे विरघळवण्याच्या चाचणीत नाव घालायला दोन हजार भरा. भरू का? आणि विडीच्या कामाचा खाडा पडतो, त्याचे काय? – सोलापूर

उत्तर : भरू नका. चाचणीतली गोळी आणि चाचणीसाठीच्या तपासण्या फुकट असतात. पैसे मागणाऱ्याला सीटीआरआय क्रमांक विचारा, फोन ठेवला जाईल. खड्यापायी पडणाऱ्या खाड्याचे म्हणाल तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, पण ती रक्कम एथिक्स कमिटीने मंजूर केलेली आणि माहितीपत्रकात लिहिलेली असते. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पहिल्याच खेपेला तिकीट जपून ठेवा.