कोल्हापुरात मॉड्युलर किचनसाठी एमडीएफ घ्यावं की प्लाय?

सिंकखाली आणि बाहेरच्या भिंतीला लागून एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, अजिबात नको. पावसाळ्यात इथल्या भिंतींना ओल धरते, एमडीएफची कड पाणी शोषून फुगते आणि बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार लोंबकळतं.

खालच्या कपाटांना १८ मिमी, आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या. आयएस ३०३ चा एमआर (ओलावारोधक) प्लाय स्वस्त पडतो, पण तो फक्त ओल सोसतो, पाणी नाही. खात्रीसाठी सुताराकडून एक तुकडा मागून घरीच चार-पाच तास उकळा. पापुद्रे सुटले तर शिक्का खोटा.

बाहेरून १ मिमी लॅमिनेट, आतून ०.८ चालतं. खरी गफलत कापलेल्या कडांवर होते: सिंकचा, पाइपचा कट उघडाच ठेवतात. तिथे सिलिकॉन भरून घ्या, समोर उभं राहून! कपाटं जमिनीवर न टेकवता १०० ते १५० मिमी उंचीच्या पीव्हीसी पायांवर बसवा, पायांपुढची पट्टी क्लिपने निघणारी ठेवा, म्हणजे खाली पुसता येतं.

शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या, २०१९ ला पाणी शिरलेल्या भागात मात्र प्लायवर खर्चच करू नका. खाली कडप्प्याचे कप्पे आणि ३०४ ग्रेड स्टीलच्या ट्रॉल्या करा, लाकूडकाम फक्त वर. बाहेरच्या भिंतीला नसतील तर वरच्या कपाटांना एमडीएफ चालून जातं.