युगांडा, केनिया, टांझानिया : उपचारांची राष्ट्रीय गाइडलाइन असते का, आणि ती पाळावी लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे की युगांडातल्या एका मिशन हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून ऑफर आलीय, तर पूर्व आफ्रिकेतल्या देशांची स्वतःची ट्रीटमेंट गाइडलाइन असते की सगळे डब्ल्यूएचओचंच वापरतात, आणि आपल्या इथल्या प्रॅक्टिसवर काम भागेल का.

असते, आणि नुसत्या अनुभवावर भागणार नाही. मी फार्मासिस्ट आहे, काही वर्षं युगांडात मिशन हॉस्पिटलच्याच फार्मसीत काम केलंय, त्यामुळे तिथलंच जास्त सांगतो.

तिथं युगांडा क्लिनिकल गाइडलाइन्स नावाचं जाडजूड पुस्तक आहे, सगळे यूसीजी म्हणतात. २०१६ ची आवृत्ती बरीच वर्षं चालली, मग २०२३ ची आली, पीडीएफ फुकट मिळते. उघडलंत की पहिल्यांदा नजरेत येईल ते म्हणजे उपचाराच्या ओळींपुढे लिहिलेलं असतं एचसी (हेल्थ सेंटर) टू, एचसी थ्री, एचसी फोर किंवा हॉस्पिटल, म्हणजे हा उपचार कमीत कमी कुठल्या पातळीच्या केंद्रात करायचा. एचसी टू म्हणजे साधारण आपलं उपकेंद्र, नर्स चालवते. एचसी थ्रीमध्ये क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण पेशंट तपासून उपचार करणारा), बाळंतपणाची सोय आणि छोटी लॅब. डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटर अपेक्षित असतं ते थेट एचसी फोरला. त्याच्याही खाली गावातले व्हीएचटी (व्हिलेज हेल्थ टीम), हे स्वयंसेवक जिथं योजना चालू आहे तिथं पाच वर्षांखालच्या मुलाची मलेरियाची रॅपिड टेस्ट करून गोळ्या देतात, जुलाबाला ओआरएस आणि झिंक देतात.

म्हणजे हे सगळं डॉक्टर समोर नाही असं धरून लिहिलंय. आपल्याकडून गेलेले काही डॉक्टर हे बघून म्हणतात की हे तर नर्ससाठी आहे, आणि बाजूला ठेवतात. कृपा करून असं करू नका. तुमच्याकडे येणारं पोर खालच्या केंद्रातून बोडा-बोडावर म्हणजे मोटरसायकलवर बसून आलेलं असणार, तिथं त्याला काय मिळालं असेल, गुदद्वारातून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध दिलं असेल का, हे त्या पुस्तकावरूनच कळतं, सोबतची चिठ्ठी बऱ्याचदा अर्धवट असते.

मलेरियाचं तर सगळं नव्यानं शिकायला लागेल. आपल्याला व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाची आणि त्यावरच्या क्लोरोक्विनची सवय, तिथं जवळजवळ सगळा फाल्सिपेरम हा जास्त धोकादायक प्रकार, पहिली गोळी आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन. गंभीर मलेरियाला क्विनाइनचं सलाईन मागं पडलं त्याचं कारण २०१० चा अ‍ॅक्वामॅट अभ्यास, आफ्रिकेतल्या ९ देशांत ५,४२५ मुलं होती, आर्टेसुनेट इंजेक्शन मिळालेल्यांत मृत्यू २२.५ टक्क्यांनी कमी निघाले आणि पुढच्याच वर्षी डब्ल्यूएचओनं शिफारस बदलली.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फीस्ट अभ्यास, तो गेल्या गेल्या समजून घ्या. तापानं फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं मूल आलं की सलाईनचा बोलस, म्हणजे एकदम भराभर मोठा डोस, द्यायचा हे आपण सगळीकडे शिकतो. युगांडा, केनिया, टांझानियातल्या ६ हॉस्पिटलांत, त्यात उत्तर युगांडातल्या गुलूजवळचं लाकोर मिशन हॉस्पिटलही होतं, ३,१४१ मुलांवर हे तपासलं. बोलस मिळालेल्या गटांत ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली आणि न मिळालेल्या गटात ७.३ टक्के. अभ्यासात नवी मुलं घेणं मधेच थांबवलं, २०११ मध्ये निकाल छापून आला. लक्षात घ्या, जुलाबानं कोरडी पडलेली मुलं यात नव्हती, त्यांना पाणी भरायचंच, आणि तीव्र कुपोषित मुलंही नव्हती, त्यांचे नियम वेगळे. डब्ल्यूएचओला आपली सूचना सुधारायला २०१६ उजाडलं. म्हणून "डब्ल्यूएचओचंच वापरतात का" याचं उत्तर असं की बराचसा साचा तिथूनच येतो, पण डब्ल्यूएचओला बदलायला लावणारा पुरावा याच वॉर्डांतून गेलाय, व्हेंटिलेटर नसलेल्या वॉर्डांतून, आणि याबद्दल मला त्या लोकांचा फार आदर वाटतो.

केनियात मुलांसाठी बेसिक पीडियाट्रिक प्रोटोकॉल्स ही खिशात मावणारी पुस्तिका आहे, २००५ पासून, वजनाप्रमाणे डोसची टेबलं इतकी सुटसुटीत की युगांडात असूनही मी ती जवळ ठेवायचो. तिथं आरोग्य केंद्रांच्या पातळ्या १ ते ६, आणि २०१३ पासून आरोग्यसेवा ४७ काउंट्यांकडे (म्हणजे जिल्ह्यांसारख्या प्रादेशिक सरकारांकडे) गेल्यानं प्रोटोकॉल देशाचा असला तरी पगार आणि औषधं काउंटीच्या हातात. टांझानियात उपचार आणि अत्यावश्यक औषधांची यादी एकाच पुस्तकात असते.

आता पुस्तक आणि कपाट यातला फरक. युगांडात सरकारी केंद्रांना औषधं नॅशनल मेडिकल स्टोअर्स या सरकारी संस्थेकडून जातात, एचसी टू आणि थ्रीला ठरलेला किट येतो, त्यांना हवं ते मागवता येत नाही, मग एक औषध पडून राहतं आणि दुसरं पुढची खेप यायच्या आधीच संपतं आणि नातेवाईक बाहेरून विकत आणतात. मिशनवाली हॉस्पिटलं बहुतेक कंपालात न्सांब्याच्या जॉइंट मेडिकल स्टोअरमधून घेतात, तिथं पुरवठा त्यातल्या त्यात बरा, पण पेशंटला पैसे पडतात. युगांडाच्या औषधयादीत प्रत्येक औषधाला व्हायटल, इसेन्शियल की नेसेसरी असा शिक्का असतो, पैसे कमी पडले की आम्ही त्याच क्रमानं ऑर्डर द्यायचो. तुम्ही यादीबाहेरचं नवं अँटिबायोटिक लिहिलंत तर फार्मसी ते आणेलही, पण त्या पैशात कुठलं व्हायटल औषध मागं राहील हे आधी फार्मासिस्टला विचारा.

जायच्या आधी यूसीजीतला मलेरिया, नवजात बाळं आणि बाळंतपणातला रक्तस्राव एवढं तरी वाचून काढा, २०२३ चीच प्रत घ्या कारण नेटवर जुन्याही फिरतात. आणि युगांडाच्या मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हॉस्पिटल करून देणार की तुम्हाला करायचंय हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, त्याशिवाय पेशंट तपासता येणार नाही.