वाचकांचे प्रश्न : सेलमचे चेटूक-खटले

प्रश्न : सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळलं, असं ऐकत आलो. किती जणींना?

एकीलाही नाही. सेलम हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं गाव. मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत, आणि इंग्रजी कायद्यात चेटकाला शिक्षा फाशीची. जून ते सप्टेंबर १६९२ या काळात १४ बायका आणि ५ पुरुष फासावर गेले. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्यानं गुन्हा नाकारला, पण ज्युरीपुढे उभं राहायला तयार होईना. तो तयार व्हावा म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले, त्यातच तो मेला. किमान पाच जण तुरुंगातच वारले, त्यात सेरा गुड या आरोपी बाईचं तान्हं मूल होतं.

प्रश्न : ज्युरी असूनही कुणी निर्दोष कसं सुटलं नाही?

जून १६९२ पासून बसलेल्या खास न्यायालयात खरंच एकही आरोपी सुटला नाही. आरोपीला वकील नसे. त्यात भर ‘छायेच्या’ पुराव्याची : ‘हिची छाया रात्री येऊन माझा गळा दाबते’ एवढं पीडित मुलीनं (चेटकानं झटके येतात असा आरोप करणाऱ्या मुलींपैकी एकीनं) म्हटलं की ते पुराव्यात धरत. आरोपी त्या वेळी आपल्या घरी झोपलेली होती, हे सिद्ध करूनही उपयोग नव्हता. देह घरी असला तरी छाया फिरते, असं मानलं जाई.

रिबेका नर्सचा खटला बारकाईनं पाहण्याजोगा आहे. वय ७१, कानानं अधू, चर्चमध्ये मान असलेली बाई. ३९ शेजाऱ्यांनी तिच्या बाजूनं लेखी सही दिली होती. ज्युरीनं आधी ‘निर्दोष’ असाच निकाल दिला. मुलींनी आकांत मांडला, आणि मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्युरीला तिचं एक वाक्य पुन्हा तपासायला लावलं. कबुली दिलेली एक कैदी साक्षीला आणली तेव्हा रिबेका म्हणाली होती, ‘ही तर आमच्यातलीच.’ आमच्याबरोबरची कैदी, एवढाच तिचा अर्थ. ज्युरीनं खुलासा विचारला. तिला प्रश्न ऐकूच आला नाही, ती गप्प राहिली आणि निकाल फिरला. पुढं तिनं खुलासा लिहून दिला, गव्हर्नरांनी फाशी थांबवलीही, पण लगेच तो हुकूम मागं घेतला. १९ जुलैला तिला फाशी झाली.

प्रश्न : कबुली देणारे वाचत होते ना? मग सगळ्यांनीच का नाही दिली?

वाचत होते. पन्नासेक जणांनी कबुली दिली आणि तिच्यावर ठाम राहिलेल्यांपैकी कुणालाही फाशी झाली नाही, कारण इतरांविरुद्ध साक्षीला ते हवे होते. सॅम्युएल वॉर्डवेलनं कबुली मागं घेतली, तो २२ सप्टेंबरला फासावर गेला. पण कबुली द्यायची तर दुसऱ्यांची नावं घ्यावी लागत, आणि देवाला स्मरून खोटं बोललं तर आत्मा कायमचा नरकात, ही तिथल्या प्युरिटनांची, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांची, खरीखुरी भीती होती. मार्गारेट जेकब्स या तरुण मुलीनं भीतीपोटी स्वतःच्या आजोबांचं नाव घेतलं आणि नंतर तुरुंगातून लिहून दिलं की ते सारं खोटं होतं. आजोबांची फाशी टळली नाही. ती वाचली, कारण खटल्याच्या दिवशी आजारी होती.

प्रश्न : बुरशी लागलेली राय (गव्हासारखं धान्य) खाऊन मुलींना झटके आले, हे पटतं का?

नाही. मुलींचे झटके आरोपी समोर येताच सुरू होत आणि तिचा हात लावला की थांबत. विषबाधा अशी वेळ पाहून येत-जात नाही; शिवाय तीच भाकरी खाणारी घरातली बाकीची माणसं धडधाकट होती.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये न्यायालय बरखास्त झालं, मग कैदी लगेच घरी गेले का?

नाही. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयानं छायेचा पुरावा नाकारला आणि बहुतेक जण सुटले. पण कोठडीचा आणि जेवणाचा खर्च कैद्यानंच भरायचा, निर्दोष ठरला तरीही. लिडिया डस्टिन निर्दोष ठरली, पैसे भरता आले नाहीत, आणि मार्च १६९३ मध्ये तुरुंगातच वारली.

प्रश्न : बॉस्टनला लेकाकडे जाणार आहे. तिथं काय पाहता येईल?

सेलम शहरात चौकशी करणारे दंडाधिकारी जोनाथन कॉर्विन यांचं घर उभं आहे. फाशीची जागा ‘गॅलोज हिल’ या टेकडीच्या माथ्यावर नव्हती, पायथ्याच्या ‘प्रॉक्टर्स लेज’ला होती, हे २०१६ मध्ये निश्चित झालं, स्मारक २०१७ चं. मात्र प्रकरण जिथं सुरू झालं ते ‘सेलम व्हिलेज’ म्हणजे आजचं डॅनव्हर्स. रिबेका नर्सची वाडी आणि गावचे तेव्हाचे पाद्री पॅरिस यांच्या घराचा उघडा केलेला पाया तिथंच आहे, तेव्हा एक दिवस डॅनव्हर्ससाठी राखून ठेवा.