विचारून घे

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

परवा कचराळी तलावाला फेऱ्या मारताना तू मोबाइलवरचे पुरावे एकेक करून मला दाखवत होतास आणि मी गप्प होते, ते तुझे म्हणणे पटले म्हणून नव्हे. ज्या मित्राबरोबर वाशीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने तू दोन वर्षे परतत आलास, त्याने तुला इन्स्टाग्रामवरच्या ‘क्लोज फ्रेंड्स’मधून, म्हणजे निवडक मित्रांच्या यादीतून, वगळले, हे तुला तिसऱ्याच्याच मोबाइलवर येऊरच्या सहलीची, फक्त त्या यादीला दिसणारी, हिरव्या वर्तुळाची स्टोरी पाहून कळले. त्यानंतर तू त्याचे ‘लास्ट सीन’ तपासू लागलास, वर्गाचा ग्रुप रात्री एक वाजता सोडलास आणि दुसऱ्या नावाने खाते उघडून त्याच्यावर लक्ष ठेवलेस. एवढ्या खटाटोपात एक गोष्ट तेवढी राहिली. तू त्याला विचारले नाहीस.

तुझे दुःख मी लहान मानत नाही. आमच्याही वेळी मित्रमैत्रिणी एखाद्याला सोडून सहलीला जात, पण ते आठ-दहा दिवसांनी बोलण्याच्या ओघात कळे आणि तोवर त्याची धार गेलेली असे. तुला ते त्याच तासाला, फोटोंसह कळते, आणि त्या फोटोंत आपली जागा रिकामी दिसते. हे अधिक कठीण आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच विचारून घेण्याची गरज तुझ्या पिढीला आमच्यापेक्षा जास्त आहे.

तू ज्यांना पुरावे म्हणतोस ते जरा नीट पाहा. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा 2014 च्या नोव्हेंबरात आल्या, आणि त्या एवढेच सांगतात की त्या मोबाइलवर तो संवाद उघडला गेला. कोणी उघडला, लक्ष देऊन वाचला की लोकलच्या दारात उभे राहून नुसती नजर टाकली, हे त्या सांगत नाहीत. त्याने माझी पोस्ट पाहिलीच नाही, असे तू तीनदा म्हणालास. इन्स्टाग्रामने 2016 मध्येच पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवणे सोडले. कोणाला काय आधी दाखवायचे हे तेव्हापासून यंत्र ठरवते, त्यामुळे तुझी पोस्ट त्याच्यासमोर आलीच नसण्याचीही शक्यता आहे. ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी ही सोय 2018 ची, ती यादी त्याने केव्हा आणि कोणत्या प्रसंगी केली, हे तुला ठाऊक आहे का? नाही. मग विचार.

हे मी एवढ्या हट्टाने सांगते, त्याला कारण आहे. 2018 मध्ये, मी निवृत्त झाले तेव्हा, निरोप समारंभाला माझी तीस वर्षांची मैत्रीण आली नाही. मी तिला लांबलचक मेसेज लिहिला. दहा मिनिटांत निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. चौथ्या दिवशी मी उपकार विसरणाऱ्या माणसांबद्दल चार ओळी स्टेटसला ठेवल्या. त्या तिच्यासाठी होत्या. वाचल्या मात्र साठ जणांनी. दीड वर्षाने कळले की मधुमेहामुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला होता, उपचार चालू होते आणि आलेले सगळे तिची मुलगी उघडून वाचून दाखवत असे. माझा मेसेज लांब म्हणून नंतर वाचू म्हणत राहून गेला. स्टेटस मात्र तिला वाचून दाखवले गेले.

मैत्रिणीला डोळ्यांचे इतके मोठे दुखणे कळवू नये का, असे मला आजही वाटते, आणि तिनेही एक फोन करायला हवा होता हे माझे म्हणणे मी सोडणार नाही. तरीही ती कळव्याला होती आणि मी नौपाड्यात. मध्ये फक्त खाडी होती, रिक्षाने फार तर अर्ध्या तासाचे अंतर होते, आणि मी दीड वर्ष मोबाइलकडे पाहत घरी बसले. आता लग्नकार्यात भेटलो की आम्ही एकमेकींच्या तब्येतीची चौकशी करतो. पूर्वी आम्हाला तेवढ्यावर थांबता येत नसे.

आणखी एका गोष्टीचा मला राग आहे, तो तुझ्यावर नाही. दोन मित्रांचे बिनसले की कट्ट्यावरचा तिसरा दोघांना चहाला एकत्र बसवत असे. तुमच्यातल्या तिसऱ्याने तुला ती स्टोरी दाखवली, तिचा स्क्रीनशॉट पाठवला आणि तो बाजूला झाला. त्याच्याकडून आता काहीही मागू नकोस. तुमच्या दोघांच्या मधला निरोप्या म्हणून तर मुळीच वापरू नकोस.

सगळी खाती बंद करू का, असे तू विचारलेस. त्याने काय होईल? प्रोजेक्टची तारीख चुकेल, आणि मित्र का दुरावला हे तरीही कळणार नाही. इतरांनी फोन वापरावा की नाही, हा माझा विषय नाही; मीही रोज वापरते. फक्त ते दुसरे खाते आजच काढून टाक, कारण लपून पाहिलेल्या गोष्टीबद्दल तुला त्याला सरळ विचारता येणार नाही. येऊरचे कसे कळले असे त्याने विचारले, तर खरे ते सांग.

त्याला फोन कर, मेसेज नको. कोपरखैरण्याला उतर आणि त्याला स्टेशनबाहेर भेट. ‘तुम्ही येऊरला गेलात, मला बोलावले नाही, मला वाईट वाटले. माझे काही चुकले का?’ एवढेच विचार आणि मग त्याला पुरते बोलू दे. तो कदाचित म्हणेल की हो, तुला मुद्दाम टाळले, आणि कारणही सांगेल. ते ऐकणे जड जाईल. तसे झाले तर तिथून सरळ माझ्याकडे ये. संध्याकाळी सातपर्यंत मी घरीच असते.

तुझी,
मॅडम