गुप्त पथकात नीतीशी केलेली तडजोड ही शिस्त की शिस्तभंग?

तुम्ही विचारलंय की, गुप्त कारवाया करणाऱ्या पथकात हुकूम निमूट पाळायचा असतो, मग वरिष्ठांच्या सांगण्यावरून केलेल्या वाईट कामाला शिस्त म्हणायचं की शिस्तभंग?

मी कधी गणवेश घातलेला नाही. जे सांगतोय ते वाचनातून. माझ्या मते शिस्तभंगच. आणि तो बहुतेक वेळा गोळी झाडताना नाही, तर नंतर कागद रंगवताना सुरू होतो.

ऑस्ट्रेलियाच्या विशेष दलांवरचा ब्रेरेटन अहवाल २०२० मध्ये जाहीर झाला. अफगाणिस्तानात ३९ जणांना बेकायदा ठार केल्याची आणि त्यात २५ सैनिक गुंतल्याची विश्वसनीय माहिती चौकशीत मिळाली. मला त्यातली 'थ्रोडाउन'ची गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. मेलेल्या माणसाशेजारी पिस्तूल नाहीतर वॉकीटॉकी ठेवायचा आणि फोटो काढायचा. अहवालाच्या अंदाजानुसार याची सुरुवात तुलनेने साध्या लबाडीतून झाली असावी: नियमात बसणारी गोळी झाडली, पण माणूस निःशस्त्र निघाला, आता प्रश्न नकोत! पुढे त्याच युक्तीने मुद्दाम केलेले खून झाकले गेले. काही ठिकाणी तर तुकडीचा म्होरक्या नव्या पोराला 'पहिला बळी' म्हणून कैद्यावर गोळी झाडायला लावायचा. पोरगं हुकूम पाळत होतं. वरवर पाहिलं तर शिस्तच की!

इस्रायलमध्ये तर नियमही स्पष्ट होता. उघडउघड बेकायदा हुकूम सैनिकाने नाकारलाच पाहिजे, अशा हुकुमावर जणू काळा झेंडा फडकत असतो, असं तिथल्या न्यायालयाने कफर कासिम हत्याकांडाच्या (सीमा पोलिसांनी अरब गावकऱ्यांना मारल्याच्या) निकालात १९५८ मध्येच म्हटलं होतं. तरी एप्रिल १९८४ मध्ये, ३०० क्रमांकाच्या बसच्या अपहरणानंतर, जिवंत पकडलेल्या दोघा अपहरणकर्त्यांना शिन बेतच्या, म्हणजे इस्रायलच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या, माणसांनी मारून टाकलं. आधी सांगितलं की, सगळे अपहरणकर्ते कारवाईतच मेले. मग वर्तमानपत्रात एकाचा फोटो छापून आला, चालत नेतानाचा. चौकशी समितीत शिन बेतचाच एक अधिकारी बसला आणि आतल्या बातम्या बाहेर पुरवून साक्षी जुळवल्या गेल्या. संशय ढकलला गेला तो लष्करातल्या एका ब्रिगेडियरवर, जो पुढे निर्दोष सुटला.

हे एकदाच घसरलेलं पाऊल होतं असंही नाही. १९८७ च्या लांदाऊ आयोगाला आढळलं की, कबुलीजबाब कसे मिळवले याबद्दल शिन बेतचे लोक १६ वर्षं न्यायालयात खोटं बोलत होते. खोट्याचा सराव इतका झालेली संस्था आणखी एक खोटं पचवताना कशाला अडखळेल?

म्हणूनच हुकूम पाळणं हा मला शिस्तीचा सोपा भाग वाटतो. कठीण भाग आपल्याच लोकांना खरा अहवाल देण्याचा. बसच्या प्रकरणात तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी तो दिला. प्रमुख अव्राहम शालोम यांनी पायउतार व्हावं अशी मागणी करत ते पंतप्रधानांपर्यंत गेले. तिघांनाही संस्थेबाहेर पडावं लागलं. शालोम १९८६ मध्ये गेले, पण खटला उभा राहण्याआधीच राष्ट्राध्यक्षांची माफी पदरात पाडून.